आगीकडून उसने घेतलेले तीस सेकंद

शर्यतीची मोटार म्हटली की डोळ्यांपुढे प्रथम वेग उभा राहतो. मग तिचे ते जमिनीलगत गेलेले पोट, रुंद चाके, जाहिरातींनी रंगलेले अंग आणि कानठळ्या बसविणारा आवाज. पण या मोटारीच्या पोटात एक लहानशी बाटली असते, तिच्याकडे प्रेक्षकांपैकी कुणाचेही लक्ष जात नाही. आपल्या घरी पाच लिटर तेलाचा डबा येतो, त्याहून ती लहानच. मोटार जिंकली म्हणून तिचे कुणी कौतुक करीत नाही, हरली म्हणून तिला कुणी दोष देत नाही. उभे आयुष्य वापराविना गेले तर सगळ्यांना आनंद व्हावा, अशी वस्तू जगात विरळाच. ही बाटली त्यांपैकी एक. ती असते आग विझविण्याची.

ही बाटली तिथे आपोआप आलेली नाही. ती तिथे येण्यापूर्वी माणसे जळाली, आणि त्यांतली बहुतेक ऐन तारुण्यात होती.

आगीचे मूळ अर्थात पेट्रोलात. ते किती उतावळे असते याची आपल्याला रोजच्या व्यवहारात कल्पना येत नाही. शून्याखाली सुमारे ४० अंश इतक्या थंडीतही त्याची वाफ ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर निघून न जाता जमिनीलगत पसरते आणि ठिणगीची वाट पाहत बसते. शर्यतीच्या मोटारीत हे पेट्रोल चालकाच्या पाठीशी किंवा कुशीशी असते, आणि हातभर अंतरावर तापून लाल झालेली नळी. टाकी फुटली की पुढचे सांगायला नकोच.

३० मे १९६४ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीला डेव्ह मॅकडोनाल्डची मोटार भिंतीवर आदळून पेटली आणि मागून येणारा एडी सॅक्स त्या ज्वाळांत शिरला. दोघेही दगावले. त्यानंतर तेथील मोटारी पेट्रोल सोडून मिथेनॉलकडे वळल्या. मिथेनॉलची आग पाण्याने विझते हा मोठा फायदा. पण भर उन्हात तिची ज्वाळा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही! माणूस जळत असतो आणि पाहणाऱ्याला वाटते, हा वेड्यासारखे हातवारे का करतो आहे? एक संकट टाळावे तर दुसरे वेगळाच वेष घेऊन दारात उभे राहते, ते असे.

१९६७ च्या मे महिन्यात मोनॅकोला बंदराजवळच्या वळणावर इटलीचा लॉरेंझो बॅंडिनी आपल्या फेरारीसह उलटला. कडेला संरक्षणासाठी पेंढ्याचे गठ्ठे रचलेले होते. संरक्षणासाठी! त्यांनीच आग भडकविली. तिसऱ्या दिवशी तो गेला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये रूआं येथे जो श्लेसर गेला. त्याच्या होंडात मॅग्नेशियम धातू होता. हा धातू एकदा पेटला की त्यावर पाणी मारणे म्हणजे आगीत तेल ओतणे. १९७० साली हॉलंडमध्ये झांडफोर्टला पीअर्स करेज असाच गेला.

पण नियम बदलायला जी घटना मुख्यत्वे कारण झाली ती १९७१ सालची. २४ ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये ब्रॅंड्स हॅच येथे स्वित्झर्लंडचा जो सिफेर्ट आपल्या बी. आर. एम. मोटारीसह धडकला आणि मोटार पेटली. वय अवघे ३५. चौकशीत निघाले ते विचार करायला लावणारे होते. धडकेने तो मेलेला नव्हता. त्याच्या पायाचे हाड मोडलेले होते इतकेच. तो अडकून पडला आणि धुराने गुदमरून गेला. म्हणजे त्याला थोडा वेळ मिळता, श्वासापुरती स्वच्छ हवा मिळती, तर तो कदाचित वाचलाही असता. यानंतर मोटारीतच बसविलेले अग्निशामक यंत्र आणि चालकाच्या शिरस्त्राणात नळीने हवा पुरविण्याची सोय सक्तीची झाली. सिफेर्ट गेला आणि ती बाटली आली.

परंतु केवळ नियमाने आग विझत नाही, हे दोनच वर्षांत दिसून आले. २९ जुलै १९७३ रोजी पुन्हा त्याच झांडफोर्टला रॉजर विल्यमसन या २५ वर्षांच्या इंग्रज तरुणाची मोटार उलटून पेटली. तो आत जिवंत होता. मागून येणाऱ्या डेव्हिड पर्लीने आपली शर्यत सोडून मोटार थांबविली, रस्ता ओलांडून तो धावला, एकट्याने ती उलटी मोटार सरळ करण्यासाठी त्याने जिवाचा आटापिटा केला. बाजूला उभ्या कर्मचाऱ्यांपाशी आगीत शिरण्याजोगे कपडे नव्हते. एकच अग्निशामक नळकांडे होते, ते संपले. बाकीच्या मोटारी घोंघावत जातच राहिल्या. पर्ली हताशपणे परत फिरतानाचे चित्रीकरण जगाने पाहिले. इंग्लंडने त्याला पुढे जॉर्ज पदक दिले. पण पदकाने विल्यमसन परत आला नाही.

आणि १९७६ मधला निकी लाउडा तर बहुतेकांना ठाऊक असेल. १ ऑगस्टला जर्मनीत न्यूरबुर्गरिंगवर त्याची फेरारी पेटली तेव्हा त्याला बाहेर ओढले ते मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल या चौघा चालकांनी, म्हणजे त्याच्याच प्रतिस्पर्ध्यांनी. चेहरा भाजला होता. पण डॉक्टरांना खरी काळजी होती ती फुप्फुसांची, कारण आत गेली होती ती तापलेली विषारी हवा. ४२ दिवसांनी हा गृहस्थ मोंझाच्या शर्यतीत पुन्हा मोटारीत बसला आणि चौथा आला!

आता कुणी विचारील, मराठी शिकविणाऱ्या माणसाला या उठाठेवी कशाला? त्याचे कारण माझा भाचा. तो चेन्नईला रॅलीच्या मोटारी सज्ज करणाऱ्या एका गॅरेजात अभियंता आहे. चेन्नई हे आपल्याकडचे या खेळाचे जुने माहेर. तेथील मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. शोलावरमच्या युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर कित्येक वर्षे शर्यती झाल्या आणि पुढे १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे खास शर्यतींसाठी बांधलेला मार्ग आला. तर भाच्याने घरी कळविले की, नुसत्या मोटारी सज्ज करून त्याचे समाधान होत नाही, आता तो सहचालक म्हणून आत बसणार. माझ्या बहिणीच्या तोंडचे पाणी पळाले. ती म्हणाली, “दादा, तू एकदा तिकडे जाऊन डोळ्यांनी बघून ये. आणि मला बरे वाटेल असे नको, खरे काय ते सांग.” उन्हाळ्याची सुट्टी होतीच. मी गेलो.

गेलो त्या दिवशी नेमके त्याच मोटारीत अग्निशामक यंत्रणा बसविण्याचे काम चालू होते. मोटार म्हणजे नुसता सांगाडा होता. आतील गाद्या, अस्तर सारे काढून टाकलेले, पत्रा उघडा, आणि आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा. जमिनीवर बाटली, अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे वेटोळे, पितळी जोड आणि फवाऱ्याची तोंडे नीट मांडून ठेवलेली.

माझी समजूत अशी की, बाटली ठेवायची, दोन पट्टे आवळायचे, झाले. भाचा हसला. म्हणाला, “मामा, बाटली बसवायला जेवढा वेळ जातो ना, त्याच्या दुप्पट ती कुठे बसवायची हे ठरवायला जातो.”

ती जागा ठरविण्यात मोठा विचार असतो. बाटली दारालगत नको, कारण बाजूने धडक बसली तर तीच आधी चेपायची. फार उंच नको, कारण वजन खाली असलेले बरे. इंजिनाच्या उष्णतेजवळ नको. म्हणून या मोटारीत ती आसनांच्या मागे, मधोमध, तळाच्या पत्र्यावर आडवी बसविली. पत्र्याला नुसती भोके पाडून बोल्ट लावले तर धक्क्याने पत्राच फाटून येईल, म्हणून खाली जाड पट्टी वेल्ड केली होती. नियम असा की, बाटलीची पकड गुरुत्वाच्या २५ पट धक्का सोसणारी हवी. मी मनाशी हिशेब केला. पाच किलोंची बाटली त्या क्षणी सव्वाशे किलोंची होणार! म्हणून कातडी किंवा कापडी पट्टे चालत नाहीत, धातूचेच पट्टे लागतात. शिवाय बाटलीच्या टोकाशी एक धातूचा कान बसवितात. पट्ट्यांतून बाटली निसटून पुढे सुसाट सुटू नये म्हणून तो अडसर. त्याला म्हणतात ‘अॅंटी-टॉर्पेडो’. टॉर्पेडोला मराठीत पाणतीर म्हणतात, तेव्हा मी ‘पाणतीर-प्रतिबंधक खुंटी’ असा शब्द तिथल्या तिथे पाडून दिला. भाच्याने तो मोठ्या गंभीरपणे ऐकून घेतला आणि मेस्त्रीला तमिळमध्ये काहीतरी सांगितले. त्यावर मेस्त्री बराच वेळ हसत होता.

मग नळ्या. बाटलीपासून एक फाटा इंजिनाकडे, एक माणसे बसतात त्या भागाकडे. दोहोंच्या मधल्या पोलादी पडद्याला भोक पाडून नळी पलीकडे नेली, पण भोकाची धार नळीला कापू नये म्हणून रबरी वायसर घातला आणि राहिलेली फट काळजीने बुजविली. “आपणच पाडलेल्या भोकातून इंजिनातली आग आत यायची,” भाचा म्हणाला. हे वाक्य मला फार आवडले. पुष्कळ संसारांनाही ते लागू पडेल.

फवाऱ्याच्या तोंडांची दिशा हा तर एक स्वतंत्र शास्त्रार्थच आहे. इंजिनाच्या कप्प्यात ती पेट्रोलची नळी आणि तापलेली धुराची नळी यांच्या रोखाने. आत मात्र ती पायांकडे आणि अंगाकडे, चेहऱ्याकडे कधीही नाही. दाबाखालचे द्रव्य बाहेर पडताना इतके थंड होऊ शकते की, आगीतून वाचविताना ते तोंड गारठवून भाजल्यासारखी जखम करील. भाच्याने स्वतः आसनात बसून पट्टे आवळून घेतले, मेस्त्रीने प्रत्येक तोंडापासून दोरी ताणून पाहिली, आणि एक तोंड दोन बोटे खाली वळविले. ती दोरी माझ्या बहिणीच्या मुलाच्या छातीशी टेकली होती. त्या वेळी मला हे सारे शास्त्र एकाएकी फार जवळचे वाटू लागले.

यंत्रणा सुरू करण्याची कळ दोन ठिकाणी लागते. एक आत, पट्ट्यांनी जखडलेल्या माणसाच्या हाताला सहज लागेल अशी. मी मुद्दाम पाहिले, ती चालक आणि सहचालक दोघांच्याही हाताला येत होती. दुसरी बाहेर, पुढच्या काचेच्या खाली, विजेचा मुख्य खटका असतो त्याच्या शेजारी. कारण आतला माणूस बेशुद्ध असेल तर? तेव्हा धावत आलेल्या परक्या माणसाला, मग तो कोणत्याही देशाचा आणि भाषेचा असो, ती तत्काळ सापडली पाहिजे. म्हणून तिथे लाल कडेच्या पांढऱ्या वर्तुळात लाल ‘ई’ हे अक्षर काढतात, आणि वर्तुळाचा व्यास किमान १० सेंटिमीटर. विजेच्या खटक्यापाशी निळ्या त्रिकोणात लाल ठिणगी. जगभर हीच चित्रलिपी. खटका बंद केला की पेट्रोलचा पंपही थांबतो. ते आधी व्हायला हवे, नाहीतर एकीकडून विझवायचे आणि दुसरीकडून इंधन पाजायचे! बाटलीला मात्र मोटारीच्या विजेवर अवलंबून राहता येत नाही. काही यंत्रणांना त्यांची स्वतःची लहानशी बॅटरी असते, काहींना दोरीसारखी पोलादी केबल. मोटार उलटी पडली तरी बाटलीने आपले काम केले पाहिजे, हीही अट आहेच. आणि दोन वर्षांच्या आत बाटली तपासून घ्यावीच लागते.

बाटलीत असते तरी काय? या द्रव्याचीही एक कहाणी आहे. इंधन, हवा आणि उष्णता हे आगीचे तीन पाय आपण शाळेत शिकतो. एक काढला की आग कोसळते. पण ज्वाळेच्या आत रासायनिक क्रियांची एक साखळीही चाललेली असते, आणि ती तोडली तरी आग मरते. विमानांत वापरली जाणारी हॅलॉन नावाची द्रव्ये नेमके हेच करीत. थोडीशीच पुरत आणि मागे डागही ठेवीत नसत. १९७१ नंतर मोटारींत आली ती हीच. पुढे कळले की, ही द्रव्ये आकाशातल्या ओझोनच्या थराला भोक पाडतात. १९८७ च्या मॉंट्रियल करारानुसार प्रगत देशांत त्यांचे उत्पादन १९९४ च्या आरंभापासून थांबले. त्यांची जागा घेतली ती मुख्यतः एका विशिष्ट फेसाने. तो पेट्रोलवर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरून वाफ दाबून टाकतो. पण अशा फेसात परंपरेने वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त द्रव्ये मातीत नि पाण्यात वर्षानुवर्षे टिकून राहतात, म्हणून आता त्यांच्यावरही आक्षेप आहे. अशा द्रव्यांच्या एका मोठ्या अमेरिकन उत्पादकाने २०२२ च्या डिसेंबरात जाहीर केले की, २०२५ अखेर आपण त्यांचे उत्पादन थांबविणार. एकाला वाचवावे आणि त्याची किंमत दुसऱ्याने, कदाचित न जन्मलेल्याने, मोजावी, हा पेच माणसाला अद्याप सुटलेला नाही.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला शेवटी कळली. फॉर्म्युला वनच्या नियमावलीत अनेक वर्षे असे कलम होते की, बाटलीतले ९५ टक्के द्रव्य १० सेकंदांहून कमी वेळात संपता कामा नये आणि ३० सेकंदांहून अधिक वेळ घेता कामा नये. म्हणजे फार तर ३० सेकंद! टाकीभर पेट्रोलची आग तेवढ्यात विझेल असे कुणीही मानीत नाही. मग ही बाटली कशासाठी? भाचा म्हणाला, “मामा, ही आग विझवायला नाहीच. ही आम्हांला पट्टे सोडून दार उघडायला वेळ देते. तेवढाच उसना वेळ. बाहेर पडायचे ते आमचे आम्हीच.”

हा उसना वेळ म्हणजे काय, ते २९ नोव्हेंबर २०२० रोजी साऱ्या जगाने पाहिले. बहारीनच्या शर्यतीत पहिल्याच फेरीला रोमॅं ग्रोझॉंची मोटार ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यावर आदळली. धक्का गुरुत्वाच्या ६७ पट. मोटारीचे दोन तुकडे झाले, टाकीची इंधननळी तुटली आणि आगीचा लोळ उठला. डोक्यावरच्या धातूच्या कमानीने मस्तक वाचविले, आग सोसणाऱ्या कपड्यांच्या थरांनी कातडी वाचविली. त्याचा डावा पाय अडकला होता, बूट तिथेच सोडून त्याने तो ओढून काढला. सुमारे २७ सेकंदांनी तो ज्वाळांतून बाहेर आला. वैद्यकीय मोटारीतले डॉक्टर इयन रॉबर्ट्स त्याला घ्यायला पुढे धावले होते. हात भाजले, पण माणूस जगला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत पुन्हा शर्यतीत उतरला. बॅंडिनी, सिफेर्ट, विल्यमसन यांच्या मरणातून जे शिकले गेले होते, ते त्या २७ सेकंदांत त्याच्या कामी आले.

मग मी बहिणीला काय सांगितले? तिने खरे मागितले होते, ते सांगितले. ही बाटली म्हणजे अभय नव्हे. तुझा मुलगा जो धंदा करतो त्यात धोका आहेच. पण त्या गॅरेजात एकही माणूस धोका नाही असे म्हणत नाही, आणि त्यातच त्याची सुरक्षितता आहे. आणखी एक सांगितले. ती कळ चुकून ओढली जाऊ नये म्हणून तिला एक पिन असते. मोटार नुसती उभी असते तेव्हा पिन आत, शर्यतीला निघताना पिन बाहेर. पिन तशीच राहिली तर एवढी सारी यंत्रणा म्हणजे शोभेची वस्तू. ती काढली आहे की नाही हे पाहून मोठ्याने उच्चारणे हे काम त्यांच्या मोटारीत सहचालकाकडे, म्हणजे तुझ्या मुलाकडे आहे. हे ऐकून ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “लहानपणी गॅस बंद केलास का म्हणून मी त्याला रोज विचारायचे. तेव्हा किती चिडायचा!”

शर्यतीच्या मोटारीत दोनच माणसे असतात, तीही आपखुशीने बसलेली. आपण कुटुंबासह रात्रीच्या बसने गावी निघतो तेव्हा आत तीस-चाळीस माणसे झोपलेली असतात. १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकला बस पेटून १२ जण गेले होते. लांब पल्ल्याच्या बसच्या इंजिनाच्या कप्प्यातली आग ओळखून विझविणाऱ्या यंत्रणेचे मानक आपल्या देशात आहे. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र शासनाने अशा बसमधल्या आणि शाळेच्या बसमधल्या प्रवाशांच्या भागासाठीही तशा यंत्रणेचा नियम जाहीर केला. शर्यतीच्या मैदानावर जे शहाणपण मरणातून आले, ते रस्त्यावरही त्याच वाटेने येते आहे.

नियम कागदावर येणे आणि बाटली जागेवर बसणे यांत मात्र अंतर असते, आणि ते अंतर पुष्कळदा तुमच्या-आमच्यासारख्यांच्या विचारण्याने कमी होते. या दिवाळीत गावी जाण्यासाठी बसमध्ये चढाल तेव्हा खिडकीची जागा मिळाली की नाही हे जरूर पाहा. पण त्याबरोबर संकटकाळी बाहेर पडायचे दार कोणते, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, लाल नळकांडे कुठे आहे आणि त्यावरची तारीख उलटून तर गेली नाही ना, हेही पाहा. कंडक्टर कदाचित त्रासिक चेहरा करील. करू द्या. तीस सेकंद उसने मिळणार असतील, तर ते आग लागण्यापूर्वीच मागून ठेवावे लागतात.